कोंडिबाचा कंदील

लाईट बाराशिवाय यायची नाही, म्हणजे पाण्याची मोटार बाराशिवाय चालायची नाही, म्हणजे तोवर तुम्ही मला डोळा लावू देणार नाही. बरं, राहू द्या. तो मोबाईलचा उजेड आधी विझवा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत उजेड मारायचा आणि वर गोष्ट सांगा म्हणायचं, ही कुठली रीत? शेकोटीत तुरीची चार धसकटं सारा, तेवढा उजेड पुरे झाला.

भुताची सांगा म्हणता. मला स्वतःला काही दिसलेलं नाही, खोटं कशाला बोलू? ज्याला दिसलं तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. चाँदपाशा कलईवाला. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, पण तुमच्या आज्यांची पितळी पातेली त्याच्याच हातानं लखलखायची. अंगानं काटकुळा, बोलायला मऊ, आणि कामात असा पक्का की त्यानं कथील ओतून भांड्याचा सांधा भरला, की एक वेळ भांडं फुटेल पण सांधा सुटणार नाही. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याची आई बिबीजान. नवरा लवकर गेला, तिनं लोकांच्या गोधड्या शिवून पोर वाढवलं. हजला जायची तिची जन्माची हौस. पण हातात पैसा जमेपर्यंत गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आले. तेव्हा तिनं पोराला सांगितलं, माझ्या जागी तू जाऊन ये. तिकडून खजूर नको, जपाची तसबी नको, काही नको. मक्केतलं जमजमचं पाणी आण. मरताना तेवढा एक घोट तोंडात पडला पाहिजे, बस्स. म्हातारीचं मागणं ते एवढं.

आता काजळगावची तेव्हाची वाट सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आज पूल आहे तिथं तेव्हा पूल नव्हता. तळं बांधलं आणि रेल्वेच्या हाल्टावरून, म्हणजे त्या आडरानातल्या थांब्यावरून, गावात यायची जुनी गाडीवाट पाण्याखाली गेली. त्यामुळं बार्शीकडून अरुंद रुळाच्या लहान गाडीनं आलेल्या माणसापुढं दोनच मार्ग असायचे. हाल्टावर उतरायचं, तळ्याच्या काठाला यायचं आणि कोंडिबा कोळ्याच्या नावेनं पलीकडं गावात. नाहीतर उतरायचंच नाही. गाडीतच बसून राहायचं, पुढं धोकीला रात्र फलाटावर काढायची आणि सकाळच्या एसटीनं तेरकडून वळसा घालत जेवणवेळेला घरी.

नाव की गाडी, हे ठरवायचा आमचा एक रिवाज होता. हाल्टाच्या अलीकडं रूळ वळतो, तिथून तळ्याचा काठ दिसायचा. शेवटच्या गाडीच्या वेळेला कोंडिबा काठावरच्या बाभळीला कंदील टांगायचा. कंदील दिसला, म्हणजे नाव आहे. नाही दिसला, तर कोंडिबा आजारी असेल, वारं सुटलं असेल, काहीही असेल, मग बूड हलवायचं नाही. आमच्या गावचा माणूस आधी दाराशी जाऊन बाभळीकडं बघायचा आणि मग बोचकं उचलायचा. कंदिलावर एवढा भरवसा, की कुणी कुणाला विचारत नसे. आणि त्या ओसाड हाल्टावर विचारायला असायचं तरी कोण?

चाँदपाशाचं आणि कोंडिबाचं भारी जमायचं. चाँदपाशाला कलईसाठी पलीकडच्या वाड्या-वस्त्यांवर जावं लागे. कोंडिबा त्याच्याकडून कधी भाडं घेत नसे, आणि चाँदपाशा त्याच्या भांड्यांची कलई फुकट करून देई. कोंडिबाचा एक पितळी तांब्या होता, नावेत शिरलेलं पाणी तो त्यानंच उपसायचा. तांब्याचं बूड गळायला लागलं, तर चाँदपाशानं कथील भरून तो नव्यासारखा करून दिला होता.

बहात्तर सालच्या हिवाळ्यात चाँदपाशा निघाला. पावसानं त्या साली दगा दिलेला, तळं अर्ध्यावर आलेलं, पण मधल्या खोल भागात नाव चालत होती. अख्खं गाव काठावर जमलं, हार घातले, गळाभेटी झाल्या. कोंडिबानं त्याला पलीकडं नेलं. उतरताना चाँदपाशा खिशात हात घालायला लागला, का तर हजला जाताना कुणाचं देणं अंगावर ठेवू नये. कोंडिबानं त्याचा हात धरला.

"पैसा नगं, चाँदभाई. तू तिकडलं पानी आनशील, त्यातलं घोटभर मला दे. तेच माजं भाडं."

चाँदपाशानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पयला घोट अम्माला, दुसरा तुला. जबान दिली."

मग मुंबई, तिथून आगबोट, आणि पुढचं सगळं त्याच्या मनासारखं झालं. मक्केहून परत निघताना त्यानं जमजमच्या पाण्याचे दोन डबे भरून घेतले. मोठा गावासाठी, लहान अम्मासाठी. लहान डब्याचं तोंड त्यानं दुसऱ्या कुणाला बंद करू दिलं नाही. स्वतः विस्तव पेटवला, स्वतः कथील ओतलं आणि झाकण कायमचं बसवून टाकलं. येताना बोटीवर तो डबा उशाशी घेऊन झोपायचा. अधूनमधून कानाशी धरून हलवून बघायचा. आत पाणी डुचमळलं की त्याला बरं वाटायचं.

बोट मुंबईला लागली तेव्हा मुसाफिरखान्यात त्याला तेरचा एक ओळखीचा माणूस भेटला. तो म्हणाला, चाँदमियाँ, सामान इथंच टाका पण घर गाठा. म्हातारीनं अन्न सोडलंय. डोळे दाराला लावून पडलीय. चाँदपाशानं पेटी तिथंच कुणाच्या हवाली केली आणि दोन डबे घेऊन मिळेल त्या गाडीत शिरला.

आता इथं काय झालं ते ऐका. दुष्काळ तुम्ही पुस्तकात वाचलाय, त्यानं तो गाडीच्या खिडकीतून बघितला. टेसनाटेसनाला बायाबापड्या पोरं काखेला मारून बसलेल्या. नळाला थेंब नाही. डब्यात कुणीतरी ओळखलं, हाजी आहे, जवळ पाणी आहे. एकानं हात पुढं केला. मग दुसऱ्यानं. ते पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, आणि तहानलेल्याला तर नाहीच नाही. कुर्डुवाडीच्या फलाटावर एक बाई तान्हं घेऊन बसली होती, पोराचे ओठ तडकलेले. चाँदपाशानं मोठ्या डब्यात उरलं होतं तेवढं तिच्या वाटीत ओतलं. डबा रिकामा झाला तेव्हा त्याला समाधानच वाटलं. कोंडिबा त्याच्या ध्यानातसुद्धा आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर माझ्याही आला नसता.

राहिला लहान डबा. अम्माचा.

ती रात्र रविवारची. त्र्याहत्तर साल, आदल्या दिवशी महाशिवरात्र झालेली आणि त्या दिवशी अमावास्या. लहान गाडी कुर्डुवाडीहून निघाली तीच रडतखडत. इंजिनाला पाणी मिळेना, म्हणून जागोजागी थांबत होती. हाल्टाजवळ आली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. डब्यात लातूरकडचा एक व्यापारी होता, त्याला चाँदपाशानं आपली अडचण सांगितली. तो म्हणाला, अंधारात कुठं उतरता हाजीसाहेब, धोकीला चला, सकाळी एसटी आहेच. शहाणा सल्ला होता. पण चाँदपाशानं हिशेब केला. एसटीनं गेलं तर जेवणवेळ. नावेनं गेलं तर मध्यरात्रीच्या आत. अम्माजवळ जेवणवेळेपर्यंतचा श्वास आहे का?

तो दाराशी गेला आणि वळणावर बाभळीकडं बघितलं.

कंदील होता.

बारीक, पिवळा, हलत होता. चाँदपाशाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो नंतर मला म्हणाला, मल्लिनाथ, मला वाटलं अल्लानं माझ्यासाठीच लावून ठेवलाय. त्यानं डबा छातीशी धरला आणि गाडी पुरती थांबायच्या आतच उडी टाकली. गाडी निघून गेली, मागचा लाल दिवा लांब गेला, आणि हाल्टावर तो एकटाच उरला.

काठाला आला. कंदिलाखाली नाव लागलेली होती. नावेत कोंडिबा उभा, हातात बांबू, पटक्याचं टोक नाकातोंडावरून गुंडाळलेलं. चाँदपाशाला वाटलं, थंडीनं असेल. मग वाटलं, मार्चात कसली थंडी? पण घाई होती. त्यानं सलाम केला, कोंडिबानं मान हलवली. चाँदपाशानं विचारलं, अम्मा कशी हाय?

"हाय," कोंडिबा म्हणाला. "बस."

एवढंच. एरवी हा माणूस काठापासून काठापर्यंत तोंड मिटायचा नाही. चाँदपाशा डबा मांडीवर घेऊन बसला. नाव निघाली.

आधी सगळं नेहमीसारखंच होतं. बांबू पाण्यात जायचा, पचक् करून वर यायचा. चाँदपाशा बोलत राहिला. बोट, समुद्र, तिकडची गर्दी. कोंडिबा हूं नाही, चूं नाही. बोलता बोलता चाँदपाशाची नजर खाली गेली. अमावास्येच्या रात्री तळ्याचं पाणी चांदण्यांनी गच्च भरायचं, त्यानं शंभरदा बघितलं होतं. आज पाण्यात एकही चांदणी नव्हती. आभाळ आलं असेल म्हणून त्यानं वर बघितलं...

वर चांदण्यांचा नुसता खच पडला होता.

त्याचं बोलणं थांबलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की पाण्याचा वास नाही. धुळीचा आहे. तापून गार झालेल्या मातीचा. त्यानं प्रवासानं आंबलेलं तोंड धुवावं म्हणून हात काठाबाहेर सोडला. बोटांना गार लागलं. पण ओलं लागलं नाही. हात वर घेतला, बोटं एकमेकांवर चोळली...

धूळ.

बांबूचा आवाजही बदलला होता. पचक् नाही.

खण्.

मग थोडं थांबून पुन्हा... खण्.

वाळल्या जमिनीवर पहार पडते तसा तो आवाज, हे त्याला कळत होतं. गावात जन्मलेल्या कुणालाही कळेल. पण मन मानत नव्हतं. त्यानं मागं वळून बाभळीकडं पाहिलं. कंदील नव्हता. काठही नव्हता. नुसता काळोख.

खण्.

नाव थांबली. तळ्याच्या मधोमध. जिथं सगळ्यात खोल होतं, तिथं.

कोंडिबानं बांबू आडवा ठेवला. घसा खाकरला, एकदा, दोनदा. घशात काहीतरी अडकल्यासारखा. काहीतरी नावेत पडलं. सुकं. ढेकळासारखं. मग तो बोलला.

"चाँदभाई... माजं पानी आनलं का?"

तेव्हा कुठं चाँदपाशाला आठवलं. काठावर दिलेली जबान. मोठा डबा. कुर्डुवाडीची ती वाटी. तो म्हणाला, गावाचं पाणी वाटेत सरलं रे, तहानलेल्यांना दिलं. हा एकच डबा राहिलाय, तो अम्माचा.

कोंडिबानं हात पुढं केला.

चाँदपाशा म्हणाला, याला मी पक्कं बंद केलंय, इथं अंधारात फोडला तर सगळं सांडेल. उद्या घरी ये. अम्माला देऊन झालं की तुला काढून ठेवतो.

"उद्या..." कोंडिबा म्हणाला.

त्यानं हात मागं घेतला.

"म्या घोटच मागितला व्हता."

चाँदपाशानं डबा दोन्ही हातांनी पोटाशी आवळला. आईसाठी माणूस काय करणार नाही? तो खाली मान घालून बसला आणि त्याचे ओठ कलमा पुटपुटायला लागले. देत नाही म्हणून तोंडानं तो बोलला नाही. पण डबाही दिला नाही.

नाव हलली.

पुढं आवाज नव्हता. पचक् नाही, खण् नाही. काहीच नाही. मग नावेचं तोंड काठाला टेकलं आणि समोर गावातले दोनचार दिवे दिसले. चाँदपाशा उतरला. उतरल्यावर त्याला वाटलं, निदान दुसरं काही तरी द्यावं. तो मागं न बघताच म्हणाला, कोंडिबा, भाडं किती देऊ?

मागून आवाज आला. अगदी कानाशी.

"घेतलं."

तो पळत सुटला.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय. मी तेव्हा तुमच्याएवढा असेन. म्हातारीचा श्वास वर लागला होता, म्हणून शेजारचे आम्ही चौघंपाच तिच्या घरात बसून होतो. चाँदपाशाची बायको बेगमबी उशाशी होती. दार उघडलं आणि हा आत आला. अंगावर, डोक्यावर, पापण्यांवर धूळ. आम्हाला आनंद व्हायच्या ऐवजी नवल वाटलं. मी विचारलं, चाँदभाई, या वेळेला कसे आलात?

"नावेनं," तो म्हणाला.

कुणीच काही बोललं नाही. बेगमबीच्या हातातला चमचा खाली पडला. चाँदपाशाला वाटलं अम्मा गेली, म्हणून आम्ही गप्प. तो खाटेशी गुडघ्यांवर बसला. म्हातारीनं डोळे उघडले. तिला दिसत नव्हतं, पण पोराचा हात तिनं ओळखला. तीन दिवस तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. आता ओठ हलले.

"लाया क्या रे?"

"लाया, अम्मा."

आणि म्हातारीनं तोंड उघडलं. लहान पोर उघडतं तसं. उघडं ठेवून वाट बघत राहिली.

चाँदपाशानं मला छिन्नी-हातोडी मागितली. डबा मीच धरला होता, म्हणून सांगतो, वजन होतं त्याला. चांगला जड होता. पण धरताना हलला तेव्हा आतून आवाज आला नाही. चाँदपाशानंही ते ऐकलं, किंवा ऐकलं नाही म्हणा. त्याचा हात थबकला. त्यानं कंदील जवळ ओढला आणि झाकणाच्या सांध्यावरून बोट फिरवलं. सांधा त्याचाच होता. कुठं चीर नाही, भोक नाही, ओरखडा नाही. त्यानं छिन्नी लावली. एक घाव. दुसरा. झाकण उचकटलं.

आत गाळ होता.

तळ्याचा गाळ. सुकलेला, काठोकाठ, वर भेगा पडलेल्या. भेगेत एक बारकी शिंपली.

मी बघितलं. बेगमबीनं बघितलं. चाँदपाशा नुसता डब्याकडं बघत राहिला. आणि तिकडं म्हातारी तोंड उघडून...

बेगमबीच शेवटी उठली. माठाच्या तळाशी टँकरचं पाणी होतं, डिझेलचा वास मारणारं. तिनं चमचाभर आणलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. चाँदपाशानं चमचा आईच्या ओठांशी नेईतो अर्धं सांडलं. उरलेलं त्यानं आईच्या तोंडात सोडलं.

"जमजम हाय, अम्मा," तो म्हणाला.

म्हातारीनं घोट गिळला. जीभ ओठांवरून फिरवली. मग तिनं तोंड पोराकडं वळवलं आणि त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तो लहानपणी खोटं बोलून आल्यावर बघत असेल, तसं. तसंच बघत बघत ती गेली.

तुम्ही म्हणाल, नावेनं आलो म्हटल्यावर आम्ही सगळे गप्प का झालो? पहाटे बेगमबीनं त्याला सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. तळं संक्रांतीलाच आटलं होतं. नाव वाळल्या तळाशी पालथी पडलेली, फळ्या उन्हानं तडकून एकमेकींपासून सुटलेल्या. आणि कोंडिबा... तळ्याची खोली गावात त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. कुठं खणलं तर पाझर लागेल ते त्यालाच ठाऊक. म्हणून तो मधोमध झिरा खणायला लागला. एकटाच. पुरुषभर खोल गेल्यावर एका संध्याकाळी कडा ढासळली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला उकरून काढला. तोंडात, घशात नुसता गाळ होता. हातात तो पितळी तांब्या. चाँदपाशा यायच्या पंधरवडाभर आधीची ही गोष्ट.

सकाळी म्हातारीची माती झाली. कबरस्तानातून परत आलो तर चाँदपाशाच्या दारात कोंडिबाची बायको भिमाबाई बसलेली. भेटायला आली होती. चाँदपाशा तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. कंदील, नाव, मागणं, आपण डबा कसा आवळून धरला ते. काही लपवलं नाही. भिमाबाई रडली नाही. ती म्हणाली, "झिरा खनाया जाताना रोज म्हनायचे, चाँदभाई येऊस्तवर कळ काढायची, मग आपल्यालाबी पानी मिळतंय."

चाँदपाशा उठला, म्हणाला मला ती जागा दाखवा. भिमाबाई, तो आणि मी, तिघं निघालो. दहा वाजायच्या सुमाराचं ऊन. तळ वाळून इतका तडकलेला की भेगेत पाय अडकायचा. वाटेत नाव दिसली, पालथी, होती तिथंच. तिच्या फळीवरची धूळसुद्धा कुणी हलवलेली नव्हती.

कोंडिबाला बाहेर काढला त्या दिवशी आम्ही तो तांब्या झिऱ्याच्या काठावर पालथा घालून ठेवला होता. असा अवचित गेलेल्याच्या हातातली वस्तू घरात आणू नये, असं जुनी माणसं म्हणाली. भिमाबाईनं स्वतः पालथा घातला होता.

तांब्या सुलटा होता. आणि भरलेला होता.

स्वच्छ पाणी. गळ्यापर्यंत. झिऱ्यात डोकावलं तर तळ कोरडा ठणठणीत. चहूकडं नजर जाईल तिथवर ओलाव्याचा ठिपका नाही. चाँदपाशा तांब्यासमोर खाली बसला. त्यानं पाण्याला हात लावला नाही. भिमाबाईनंही नाही. मी तेव्हा तुमच्यासारखाच आगाऊ होतो. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आमच्या तळ्याचं पाणी गोडं होतं, टँकरच्या पाण्याला वास होता. हे तसलं नव्हतं. किंचित खारं, आणि घशाखाली उतरल्यावरही राहणारं. असलं पाणी मी कधी चाखलं नव्हतं.

चाँदपाशा म्हणाला, "वहिनी, कोंडिबाला द्या."

भिमाबाईनं तांब्या उचलला आणि झिऱ्यात, कोंडिबा सापडला त्या जागी, हळूहळू रिता केला. जमिनीनं ते असं ओढून घेतलं, की शेवटचा थेंब पडेपर्यंत पहिल्याची ओल दिसेनाशी झाली.

पुढं पाऊस झाला, तळं भरलं, दुसऱ्या कुणीतरी नाव घातली. चाँदपाशा त्या नावेत कधीच बसला नाही. मरेपर्यंत पाठीवर कलईचा भाता घेऊन तळ्याला वळसा घालत चालत जायचा. आणि त्या साली पाऊस पडेस्तोवर टँकर आला की पहिली घागर भिमाबाईच्या दारात नेऊन ठेवायचा आणि मग आपल्या घरची भरायचा. मी त्याला एकदाच विचारलं, धोकीला गेला असतात तर? तो म्हणाला, तर पाणी घेऊन आलो असतो आणि अम्मा नसती. नावेनं आलो, तर अम्मा होती आणि पाणी नव्हतं. यातलं बरं कुठलं, मल्लिनाथ, तूच सांग. 

आता एवढंच ऐका आणि मोटारीकडं बघा.

परवाच्या साली चाँदपाशाचा नातू विमानानं हजला जाऊन आला. पोरगं रीतभात धरून आहे. मला बोलावलं, सतरंजीवर बसवलं, चार खजूर दिले आणि एका छोट्या पेल्यात पाणी दिलं. आबा, जमजम हाय, घ्या म्हणाला. मी तोंडाला लावलं. किंचित खारं. घशाखाली उतरल्यावरही राहणारं.

मी पेला खाली ठेवला. माझ्या तोंडाकडं बघून पोरानं विचारलं, "आबा, पयल्यांदाच पिताव का?"

मी म्हणालो, "न्हाय बाबा. दुसऱ्यांदा."